शेट म्हणजे कोण

(जिते स्टेशनच्या वरच्या अंगाला कातकरवाडी. गणपती दोन दिवसांवर आलेले. भर दुपार, पाऊस भुरभुरतोय. घराचं दार आतून बंद. पुतळी उंबऱ्यावर आडवी बसलेली आहे, मारुती अंगणात उभा.)

मारुती: आये, सरक जरा. पारीशी बोलायचंय मला.

पुतळी: तिथनंच बोल.

मारुती: दार बंद हाय.

पुतळी: बंदच राहील. तुला काय त्याचं? बंद दाराशी तुझी ओळख हाय.

मारुती: टोमणे मग मार. हॉटेलावर माणसं उभी हायत, आये. मुंबईच्या गाड्या सकाळपासून एकीला एक लागून हायत नि भाकरी थापायला हात नाय. तुझी सून, दर्शना, एकटी चुलीवर हाय. पारे! ए पारे! ऐकतेस ना? चल गो. झालं ते झालं.

पुतळी: कार्ड आनलंस?

मारुती: कसलं कार्ड?

पुतळी: तिचं. आधारकार्ड. कामाला लागली त्या दिवशी मागून घेतलंस ते.

मारुती: हाय की माझ्याकडं. कुठं पळून जातंय ते?

पुतळी: दे.

मारुती: देतो ना. आधी तिला बाहेर तर येऊ दे. टेम्पो खाली रस्त्याला लावलाय. दोन दिवसांचा प्रश्न हाय. गणपती बसले की मी स्वतः आणून सोडतो तिला. कार्ड देतो, पगार देतो. तिच्या आईला, काशीमावशीला, चांगली साडी घेतो.

पुतळी: साडी.

मारुती: व्हय. मागच्या दिवाळीला म्हणाली होती ना, मोरपंखी पायजे. पेणवरनं आणतो.

पुतळी: साडी लागंलच. तू कार्ड दे.

मारुती: तुला कार्डाचं येवढं काय पडलंय? तिला काय बँकेत जायचंय आता?

पुतळी: रोह्याला जायचंय. दवाखान्यात. स्टेशनात गाडी यायची हाय थोड्या वेळानं. तिथं कार्ड मागतात.

मारुती: परत दवाखाना. आये, तू पण? काल सांजेला हिनं हेच लावलं. आईला रोह्याला नेलंय, श्वास घेता येत नाय, मला आत्ताच्या आत्ता सोड. मी म्हटलं, सकाळपर्यंत थांब. चार पोती तांदूळ दळून आणलेत, पीठ भरून पडलंय, सगळा हायवे माझ्या दारात येणार नि हिला आत्ताच जायचंय. मागं दिनेश गेला, त्याची पण आई. मिथुन गेला, त्याची पण आई. सीझन आला की सगळ्यांच्या आया आजारी पडतात.

पुतळी: काय म्हनालास?

मारुती: काय?

पुतळी: आता म्हनालास ते. परत म्हन.

मारुती: सीझन आला की... जाऊ दे ना. रागात बोललो.

पुतळी: हेच तिला म्हनालास काल. हेच्यातला एक शब्द इकडंतिकडं नाय. तिनं येऊन सांगितलं तवा मी म्हनलं, नाय गो, मारुती असं नाय बोलनार. हे दुसऱ्या कुनाचं बोलनं हाय. मी ओळखते हे बोलनं.

मारुती: कुणाचं?

पुतळी: तू सात वर्सांचा व्हतास. खोपोलीकडच्या वीटभट्टीवर व्हतो आपन. माझी आय हितं वाडीवर पडली व्हती. एक जन निरोप घेऊन आला. तुझा बा गेला विचारायला, शेट, दोन दिस जाऊन येतो. तू त्याचं बोट धरून व्हतास. काय म्हनाला शेट?

मारुती: आठवत नाय मला.

पुतळी: तुला आठवत नाय नि तोंडात बरोबर बसलंय! तो म्हनाला, भट्टी पेटली की तुमच्या सगळ्यांच्या आया मरायला लागतात. असं म्हनाला नि पान थुंकला. माझी आय चौथ्या दिवशी गेली. मी विटा उचलत व्हते.

मारुती: आये, त्याच्याशी माझी बरोबरी करतेस? त्यानं बाला मारलं होतं. मी कुणाला बोट लावलंय? माझ्या हॉटेलात पहिली भाकरी कुणाची? वाडीवरून जो येईल त्याची. अजून एक दिवस चुकलेला नाय. आपली माणसं आत बसतात, पंख्याखाली. का केलं मी हे सगळं? तूच सांगितलेलंस ना आजोबांचं.

पुतळी: सांगितलं व्हतं.

मारुती: कोळशाची ओझी घेऊन पेणच्या स्टँडवर यायचे. हॉटेलाबाहेर उभं राहायचं, नि म्हणायचं, शेट, चा द्या. शेट करवंटीत ओतायचा, वरून, लांबून. करवंटी आपली आपणच न्यायची. ते मी कधी विसरलो नाय. म्हणून टपरी टाकली. म्हणून पाटीवर तुझं नाव घातलं. हॉटेल पुतळाई. हायवेवर कातकऱ्याचं दुसरं हॉटेल दाखव मला.

पुतळी: पाटी लावलीस तवा मी तुला काय सांगितलं?

मारुती: सांगितलंस, देवाला पहिला चा टाक रस्त्यावर.

पुतळी: त्याच्या मागनं काय सांगितलं?

मारुती: ... कुणी शेट म्हटलं तर मागं वळून बघू नको.

पुतळी: व्हय.

मारुती: मी सुरुवातीला बघतच नव्हतो गो! तुला हसू येईल. तो पहिला ट्रकवाला ओरडला, शेट, दोन कटिंग. मी माझ्या मागं बघतो, कोण शेट आला म्हणून. मागं भिंत. तो परत ओरडतो, ओ शेट, भिंतीला काय विचारता, चा द्या! दर्शना हसून हसून खाली बसली.

पुतळी: सांगितलं व्हतं तिनं मला. मी पन हसले.

मारुती: मग सवय लागली. हमरापूरचे मूर्तीवाले, जोह्याचे रंगारी, टेम्पोवाले, सगळे शेट म्हणायला लागले. ह्या धंद्यात मालकाला शेटच म्हणतात, आये. गल्ल्यावर बसला तो शेट. मी कुणाला सांगायला गेलो नव्हतो. नि वाईट काय त्यात? पेणचे एक रिटायर मास्तर येतात, वालाचं बिरडं नि भाकरी खायला. त्यांना विचारलं मी एकदा, गुरुजी, आमच्या आयेला हा शब्द आवडत नाय, आला कुठून हा? ते म्हणाले, संस्कृतातून. श्रेष्ठ. त्याचं झालं श्रेष्ठी, त्याचं शेठ, त्याचं शेट. म्हणजे सगळ्यांत चांगला माणूस. वाटसरूंचा तांडा निघाला की पुढं चालायचा, सगळ्यांची खायची-प्यायची काळजी करायचा, तो श्रेष्ठी. मला येवढं बरं वाटलं त्या दिवशी. वाटलं, तुला येऊन सांगावं.

पुतळी: मास्तर खोटं नाय बोलनार. संस्कृतात असंल तसं.

मारुती: मग?

पुतळी: आपन कवा ऱ्हात व्हतो संस्कृतात? आपल्याकडं हा शब्द पायी चालत आलाय. डोंगरात कोळसा पाडायचो तवा छत्री घेऊन यायचा तो शेट. भट्टीवर मोटारसायकलवरनं यायचा तो शेट. पोर रडायला लागलं की आया म्हनायच्या, गप, शेट आला. पोरं गप व्हायची. तू पन व्हायचास. वाघाचं नाव काढलं तरी नाय व्हायचास.

मारुती: नि कुत्रा?

पुतळी: त्याचं तुला बरं आठवतं.

मारुती: बानं भट्टीवरच्या कुत्र्याचं नाव शेट ठेवलं होतं.

पुतळी: मर मर काम करून यायचा नि सांजेला खोपीच्या दारात बसून बोंबलायचा, ए शेट, शेपूट हलव! ए शेट, उष्टं खा नि गप पड! सगळी भट्टी हसायची. मी म्हनायची, अवो गप, ऐकलं तर जीव घेतील.

मारुती: ऐकलं एकदा.

पुतळी: ऐकलं. मानसाला मारला तो मारला, कुत्र्याचा पन पाय मोडला. तुझा बा काय म्हनाला त्या राती ठाऊक हाय? कन्हत पडला व्हता. म्हनाला, पुतळे, कुत्र्याचं वाईट वाटतं गो. त्या बिचाऱ्यानं कुनाचं काय वाईट केलं व्हतं, त्याला हे नाव द्यायला.

मारुती: आये, नको ना हे आता. माझ्यावर काय वेळ आलीय तुला कळत नाय. पुढचा पूल सुरू झाला की गाड्या वरून जाणार. खालचा रस्ता ओस. जागेवाले म्हात्रे म्हणाले, मारुती, ह्या गणपतीत धंदा दाखव, तर मी जागा ठेवतो तुला. नायतर पत्रे काढून घे, मला गोडाऊनला द्यायचीय. हे दोन दिवस हायत माझ्याकडं. हे गेले की मी परत बिगारी. दर्शना परत विटा उचलणार. तुला ते चालेल?

पुतळी: नाय चालनार.

मारुती: मग! लोक कशाला थांबतात माझ्याकडं? पलीकडं दोन एसी हॉटेलं हायत. थांबतात चुलीवरच्या तांदळाच्या भाकरीला. नि ती पारीच्या हातची. दर्शनाची फाटते. माझी तव्यावर जातच नाय. मी तिच्या पाया पडतो, आये. पारे, ऐक, पाया पडतो तुझ्या. येवढे दोन दिवस.

पुतळी: पाया पड. आधी कार्ड दे.

मारुती: तेच तेच काय लावलंयस! कार्ड दिलं की ती रोह्याला जाणार. मग मी कुठं जाऊ?

पुतळी: म्हंजे कार्ड तुझ्यापाशी हाय म्हनून ती जात नाय. असंच ना?

मारुती: मी तसं नाय म्हटलं.

पुतळी: तसंच म्हनलास. का घेतलंस कार्ड तिचं?

मारुती: सगळ्यांचीच घेतली. हायवेच्या हॉटेलवाल्यांचा ग्रुप हाय मोबाईलवर. मोठे मोठे शेट लोक हायत त्यात. मला घेतलं त्यांनी. त्यांनीच सांगितलं, सीझनला कामगारांची कार्डं जमा करून ठेव, नायतर ऐनवेळी पळतात.

पुतळी: नि फोन?

मारुती: फोनवर सारखं रडत होती म्हणून घेतला. भाकरी करपत होत्या.

पुतळी: नि कडी? मागच्या पत्र्याच्या खोलीला बाहेरनं कडी कुनी घातली? बोल ना.

मारुती: एक रात्र. फक्त एका रात्रीसाठी. काळोखात एकटी पोरगी हायवेनं चालत सुटली असती, गाडीखाली आली असती तर? मी बाहेर बाकड्यावरच होतो झोपायला.

पुतळी: ह्या वाडीवर एका तरी दाराला बाहेरनं कडी हाय? जा, बघून ये. दार आतनं लावायचं असतं, मारुती. आतल्या मानसानं. बाहेरनं कडी मी दोनच ठिकानी बघितली. एक भट्टीवर, उचल घेतलेल्या मानसांच्या खोपीला. नि आता माझ्या नावाच्या पाटीमागं.

मारुती: थांब, दर्शनाचा फोन. हा स्पीकरवरच चालतो, कानाला लावून ऐकू येत नाय. हां, बोल.

दर्शना: कुठं हायस तू? ठाण्याची आख्खी बस उठून गेली. मी भाकरी बंद म्हणून सांगतेय सगळ्यांना. नुसता भात वाढतेय, तो पण संपत आला. पारी भेटली?

मारुती: हाय वाडीवर. आये सोडत नाय.

दर्शना: नकोच सोडू म्हणावं.

मारुती: काय?

दर्शना: कडी मी काढली पहाटे.

मारुती: तू? मी म्हणतोय पत्रा वाकवून गेली!

दर्शना: तू बाकड्यावर तोंडावर चादर घेऊन पडला होतास. रातभर जागा होतास, पहाटे कुठं डोळा लागला तुझा. मला कळतं तू झोपलायस का जागा हायस ते. मी कडी काढली, तिला माझ्या चपला दिल्या, तिच्या चिखलात तुटल्या होत्या. म्हटलं रुळाच्या कडेनं जा, वाडी येते सरळ. मी अनवाणी हाय सकाळपासून चुलीपाशी. तुला दिसलं पण नाय.

मारुती: मला सांगायचं ना!

दर्शना: सांगितलं असतं तर परत घातली असतीस. आत्या हाय का तिथं? आत्या, काशीमावशी कशी हाय गो?

पुतळी: दर्शना, चूल विझव. हॉटेल बंद कर नि जेवून घे दोन घास. मग सांगते.

दर्शना: आत्या? असं का बोलतेस? आत्या...

पुतळी: बंद कर तो फोन.

मारुती: आये, तिला हॉटेल बंद करायला काय सांगतेस? आज? वेड लागलंय का तुला?

पुतळी: काशीच्या भावानं, जगननं, सकाळपासून किती फोन केले तुला?

मारुती: बघितले. नाय उचलले. मला ठाऊक होतं काय सांगणार ते. पारीनं सांगायला लावलं असणार.

पुतळी: मारुती, हिकडं बघ. माझ्या तोंडाकडं बघ. मी शेवटचं मागते. कार्ड दे. काय विचारू नको, काय बोलू नको. गाडी यायची वेळ झाली. खिशातनं काढ नि दे. तुझ्या खिशात हाय ते, मघापासनं हात तिथंच जातोय तुझा.

मारुती: खिशात हाय. तिला दाखवायला आणलं होतं. म्हटलं, बघ, हे घे, पण दोन दिवस चल. आये, उद्या सकाळी देतो. तुझी शप्पत. आज संध्याकाळची गर्दी तेवढी निघू दे. उद्या पहिल्या गाडीनं मीच घेऊन जातो तिला रोह्याला. एका रात्रीनं काय होतंय?

पुतळी: एका रातीनं?

मारुती: व्हय. एका रात्रीनं काय होतंय?

पुतळी: झालं. हरले मी. अजून थांबले तर गाडी जाईल.

मारुती: काय झालं?

पुतळी: मी बघत व्हते, न सांगता देतोस का. म्हनलं, पोटचा पोर हाय, आयनं मागितलं तर देईल. कारन विचारनार नाय. कारन सांगितल्यावर तर भट्टीवाला पन देतो.

मारुती: आये, काय सांगितलं नाय तू मला?

पुतळी: काशी गेली.

मारुती: ... कुठं गेली?

पुतळी: पहाटे गेली. तांबडं फुटायच्या आधी. जगन एकटाच व्हता तिच्यापाशी. शेवटपत्तूर दाराकडं बघत व्हती म्हनतो. कुनी आत आलं की विचारायची, पारी का गो?

मारुती: नाय. नाय, आये.

पुतळी: आता दवाखान्यात ठेवलीय. जगन भाऊ म्हनून सांगतो, तर त्याच्या कागदावर नाव येगळंच पडलंय. काशीचं स्वतःचं कार्ड गेल्या पुरात वाहून गेलं. पोटच्या पोरीला आना, कार्ड घेऊन आना, मग मयत देतो म्हनतात. त्यांचं पन बरोबर हाय, कुनाला पन कशी देतील? पोरगी हाय हितं. कार्ड तुझ्या खिशात. म्हनून काशी सकाळपासनं तिथं पडलीय.

मारुती: मला वाटलं... सगळे असंच सांगतात ना... आये, मावशीनं मला वाढवलं गो. तू भट्टीवर जायचीस, मी तिच्या पाठीला असायचो.

पुतळी: तिनं तुला पाजलंय. तुला नि पारीच्या मोठ्या भावाला, जो नाय राहिला त्याला, दोघांना. एकाला ह्या बाजूला, एकाला त्या. मीच सांगितलं व्हतं पारीला, दुसरीकडं कुठं जाऊ नको कामाला, मारुतीकडं जा. घरचं हाय. मी पाठवली तिला तुझ्याकडं. मी.

मारुती: मला ठाऊक असतं तर...

पुतळी: तिनं सांगितलं व्हतं तुला. रडून सांगितलं. आनखी कसं सांगायचं असतं?

मारुती: मी सकाळी सोडणारच होतो तिला. देवाशप्पत. चूल पेटवून तिला उठवायला गेलो...

पुतळी: रातीचं ऐकलंस ना तू?

मारुती: काय?

पुतळी: ती हाका मारत व्हती ते.

मारुती: ... पाऊस होता पत्र्यावर.

पुतळी: मारुती.

मारुती: ऐकलं.

पुतळी: काय म्हनत व्हती?

मारुती: नको ना आये.

पुतळी: काय म्हनत व्हती ती, सांग.

मारुती: दादा, दार उघड. दादा, आईला बघून येते नि परत येते. दादा, तू चल माझ्याबरोबर.

पुतळी: मग?

मारुती: मग गप झाली. मला वाटलं झोपली. मग खूप वेळानं... एकदाच म्हणाली.

पुतळी: काय?

मारुती: शेट, दार उघडा.

पुतळी: तवा तरी उठायचंस. सगळी रात दादाला हाक मारली, दादा उठला नाय. म्हनून तिनं शेटला हाक मारली. आपली मानसं कुनाला शेट म्हनतात ते तू मास्तरला कशाला विचारलंस, बाबा? मला विचारायचं व्हतंस. ज्याच्या हातात आपलं दार असतं त्याला म्हनतात.

मारुती: मी उठणार होतो. मी चादर काढली तोंडावरची. नि मनात आलं, आत्ता उघडलं तर उद्या भाकरी कोण करणार. येवढंच आलं मनात, आये. दुसरं काय नाय आलं. मग मी परत चादर घेतली.

पुतळी: घे, पूस तोंड. रडायचं असलं तर मग रड. तिकडनं गाडी निघाली असंल.

मारुती: हे घे कार्ड. घे. नि ह्यात पैसे हायत, आजचा गल्ला हाय सगळा. हॉटेल बंद करतो मी. पाटी उतरवतो.

पुतळी: पाटीवरचं माझं नाव तेवढं पूस. हॉटेल चालव नायतर मोड, तुझं तू बघ. नि कार्ड मला देऊ नको. मी नाय घातलं तुझ्या खिशात, मी कशाला परत घेऊ? तिला दे. जिचं हाय तिला.

मारुती: तू सरकतेस?

पुतळी: सरकले. जा.

मारुती: पारे.

पुतळी: जोरात म्हन. आत रडतेय ती, ऐकू नाय जायचं.

मारुती: पारे, दार उघड.

पारी: कोण हाय?

मारुती: मी हाय.

पारी: मी कोण?

मारुती: मारुती. मारुतीदादा. कार्ड आणलंय गो तुझं. चूक झाली माझी. चूक पण म्हणवत नाय हिला. मार मला पायजे तर. टेम्पो हाय खाली, गाडीची वाट नको बघू, मी नेतो तुला. आपण दोघं जाऊ. मावशीला घेऊन येऊ घरी. मी खांदा देईन तिला. माझी पण आय होती ती. पारे? उघड ना. एकदा तोंड बघू दे. एकदा दादा म्हण, मग नको बोलू जन्मात.

पारी: मावशी, गाडी आली का?

पुतळी: नाय अजून. मागच्या स्टेशनात, आपट्याला असंल. वेळ हाय थोडा.

मारुती: पारे, मी हितं दारातच हाय. तू सांगशील तेवढा वेळ उभा राहतो. तू उघडशील तेव्हा उघड.

पारी: उभं राहू नका.

मारुती: मग काय करू? सांग, तू सांगशील ते करतो.

पारी: दाराखाली फट हाय. तिथनं सरकवा, शेट.